श्टुटगार्टमध्ये नवे असाल तर: रोजच्या छोट्या आनंदांची सोय कशी लावावी

चाकण-हिंजवडीहून जर्मनीतल्या श्टुटगार्टला येणाऱ्यांची वाट आता चांगली मळली आहे. गाड्या आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या दोन्हीकडे आहेत, त्यामुळे माणसं येत-जात राहतात. शिवाय श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे. घर कसं शोधायचं, बँकेचं खातं कुठे उघडायचं, आरोग्यविमा कोणता घ्यायचा, हे नव्या माणसाला ऑफिसातलंच कुणीतरी सांगतं. संध्याकाळी लॅपटॉप मिटल्यावर काय करायचं आणि सगळी दुकानं बंद असलेला अख्खा रविवार कसा घालवायचा, हे मात्र कुणी सांगत नाही.

बहुतेक जण हा प्रश्न पुढे ढकलतात. आधी कायमचं घर मिळू दे, मग जर्मन भाषेची बी-वन परीक्षा होऊ दे, मग घरचे येऊ देत, मग बघू. मला हे अजिबात पटत नाही. कागदपत्रांचं काम या देशात कधीच संपत नाही, आणि इथल्या बऱ्याचशा मजा ऋतूला बांधलेल्या आहेत. एप्रिलमधली गोष्ट हुकली की थेट पुढचा एप्रिल. म्हणून सुरुवात पहिल्याच आठवड्यात करा. फार पैसे लागत नाहीत.

पहिला आठवडा: एक तिकीट आणि एक कार्ड

नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो. त्या नोंदणीचा मिळालेला कागद बँकेला दाखवालच, पण त्याच दिवशी तो आणि पासपोर्ट घेऊन शहराच्या मुख्य वाचनालयातही जा. मेलँडर प्लात्सवरची ही पांढरी चौकोनी इमारत २०११ मध्ये उघडली. तिच्या चार बाजूंवर 'वाचनालय' हा शब्द जर्मन, इंग्रजी, कोरियन आणि अरबी अशा चार भाषांत लिहिलेला आहे. आत मधोमध रिकामा चौक, भोवती मजल्यांवर मजले पुस्तकं, आणि बाहेर कितीही गारठा असला तरी उबदार बसायला जागा. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्याला ही दुसरी बैठकीची खोलीच मिळते. इथे ग्राफोटेक नावाचा विभाग आहे, तिथून खरी चित्रं घरी न्यायला मिळतात. नव्या घराच्या उघड्या भिंतीसाठी काही विकत घेण्याआधी तिथे जाऊन या.

दुसरं म्हणजे डॉइचलांडटिकेट. २०२६ पासून त्याचे महिन्याला ६३ युरो पडतात आणि देशभरातल्या सगळ्या स्थानिक बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्या त्यात येतात. लांब पल्ल्याची वेगवान आयसीई गाडी येत नाही. हे तिकीट म्हणजे वर्गणी असते, बंद करायचं असेल तर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कळवावं लागतं, एवढं लक्षात ठेवा.

तिकीट हातात आलं की पहिल्याच संध्याकाळी मारीएनप्लात्सला जाऊन 'त्साके'मध्ये बसा. ही १८८४ पासून चालणारी दात्यांची रेल्वे. मारीएनप्लात्सहून डेगरलोखपर्यंतचा खडा चढ ती साधारण दहा मिनिटांत चढते, पुढच्या उघड्या डब्यात लोकांच्या सायकली घेऊन. पर्यटकांसाठी ठेवलेलं खेळणं नव्हे हे, रोज ऑफिसला जाणारे लोक तिने जातात आणि आपलं मासिक तिकीट चालतं. श्टुटगार्ट हे डोंगरांनी वेढलेलं शहर आहे. ते कसं वसलंय हे नकाशापेक्षा या गाडीच्या खिडकीतून लवकर कळतं.

उतरताना गाडी नको, जिने घ्या. इथले लोक त्यांना श्टेफेले म्हणतात. असे चारशेहून जास्त जिने शहरात आहेत. पूर्वी या उतारांवर द्राक्षमळे होते, त्यांच्या पायवाटा पुढे जिने झाल्या. घराजवळचा एक जिना आपला ठरवून टाका आणि आठवड्यातून एकदा तरी त्याच जिन्याने घरी या. महिनाभरात कुठल्या कुंपणावर मांजर बसतं, कुठल्या बागेत मॅग्नोलिया आहे, कुणाच्या खिडकीतून कांदा परतल्याचा वास येतो, हे पाठ होतं. सुरुवात कुठून करायची हे सुचत नसेल तर ऑयगेन्सप्लात्स घ्या. वर कारंजं, समोर शहर, आणि उन्हाळ्यात आइस्क्रीमसाठी लागलेली रांग.

शेजाऱ्यांची पाटी

लवकरच एक दिवस दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली दिसेल: 'केअरवोखं'. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. बहुतेक ठिकाणी हे भाडेकरारातच लिहिलेलं असतं. नवे लोक वैतागतात. पुणेरी पाट्यांवर वाढलेल्या माणसाला खरं तर हे परकं वाटायचं कारण नाही.

जिना झाडा, ओल्या फडक्याने पुसा, आणि आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला नुसती अडकवून पळू नका. बेल वाजवा, 'ग्रुस गॉट' म्हणा, नाव सांगा. इमारतीतली तुमची पहिली ओळख अशी होते. श्वाबेन भागातले, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासचे, लोक कौतुक करण्यात हात आखडता घेतात. 'ओरडलो नाही म्हणजे कौतुकच केलं' अशा अर्थाची त्यांची एक म्हण आहे. जिना पुसल्यावर शेजारच्या आजी काहीच बोलल्या नाहीत तर ते चांगल्या मार्कांनी पास झाल्याचं लक्षण समजा.

रात्री दहानंतर आणि रविवारी आवाज करायचा नसतो. मिक्सर, भिंतीतलं ड्रिल, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकणं, सगळं शनिवारपर्यंत उरका. इडलीचं पीठही शनिवारीच वाटून ठेवा.

स्वयंपाकघर: इथे जरा थांबायला हवं

घरची आठवण सगळ्यात आधी जिभेला येते. मग माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाच्या भारतीय दुकानात जातो आणि आठवडाभर प्रवासात घालवून दमलेली भेंडी महागात घेऊन येतो. पोहे, साबुदाणा, हिंग, गोडा मसाला यांसाठी त्या दुकानाला पर्याय नाही, मान्य. भाजीसाठी मात्र तिथे जाऊ नका. कोथिंबीर, पुदिना, छोटी वांगी, ताजी भेंडी जवळच्या तुर्की दुकानात जुड्यांनी आणि ढिगांनी मिळते.

शेपू जर्मनीतल्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये असतो. हे लोक तो काकडीत आणि माशावर घालतात. मुगाची डाळ घालून शेपूची भाजी करणारे बहुधा तुम्ही त्या रस्त्यावर एकटेच असाल. नवलकोल तर इथला घरचाच. पाल्यासकट घ्या, कोवळा पालाही भाजीत घाला. दुकानदार बऱ्याचदा 'पाला काढून देऊ का' असं विचारतो, तेव्हा ठामपणे नाही म्हणा. हवं तर आधीच्या गिऱ्हाइकाने काढून टाकलेला पालाही मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

दुकानातल्या दुधाच्या कपाटाशी पहिल्या महिन्यात निवांत उभे राहा. बुटरमिल्ख म्हणजे तयार ताक. कढी त्याची उत्तम होते, फक्त आंबटपणा बघून पाणी घाला. चाळीस टक्के स्निग्धांशाचा क्वार्क, म्हणजे इथला चक्काच, घ्या, फडक्यात बांधून दोन-तीन तास टांगा आणि साखर, केशर, वेलची घाला. श्रीखंडासाठी रात्रभर चक्का टांगत बसायची गरज उरत नाही. मागारक्वार्क लिहिलेला डबा मात्र घेऊ नका, तो बिनसायीचा असतो आणि श्रीखंड कोरडं लागतं. बुटरश्माल्त्स म्हणजे कढवलेलं लोणी. घरच्या तुपाचा रवाळपणा त्यात नसतो, पण वरणभातावर चालतं.

आता या भागाच्या खास गोष्टी. विमानतळाच्या आजूबाजूला जे सपाट पठार दिसतं त्याला फिल्डर म्हणतात, आणि तिथला टोकदार कोबी प्रसिद्ध आहे. पानं पातळ, चव गोडसर. कोबीच्या वड्या आणि पचडी यांसाठी नेहमीच्या गोल गड्ड्यापेक्षा हा कितीतरी सरस, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. ऑक्टोबरमध्ये लाइनफेल्डन-एश्टरडिंगनला या कोबीची जत्राही भरते.

श्वाबेनच्या माणसाचं आवडतं जेवण म्हणजे मसूर आणि श्पेट्झ्लं. घट्टसर शिजवलेली डाळ, वर व्हिनेगरचा शिडकावा, सोबत मऊ ताज्या शेवयांसारखं काहीतरी. हॉटेलात मागवताना सॉसेजशिवाय द्या असं सांगा, आणि डाळीत डुकराच्या मांसाचे तुकडे आहेत का हेही विचारा, बऱ्याचदा असतात. यातला मसूर जवळच्या श्वाबियन आल्ब डोंगरात पिकतो. तिथली जुनी वाणं शेती बदलल्यावर नाहीशी झाली होती. २००६ मध्ये त्यांचं बियाणं सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या संग्रहात सापडलं आणि शेतकऱ्यांनी ती लागवड पुन्हा उभी केली. 'आल्ब-लाइझा' असं लिहिलेली पिशवी मिळाली तर थोडी महाग असली तरी एकदा घ्या. चिंच-गूळ घालून आमटी करा. दाणा शिजूनही आकार सोडत नाही.

भाजी घ्यायला मंगळवार, गुरुवार किंवा शनिवारी गावमध्यातल्या मार्केटप्लात्स आणि शिलरप्लात्सवरच्या आठवडी बाजारात जा. रोजची खरेदी तिथे परवडेलच असं नाही, पण महिन्यात कुठली भाजी आली आणि कुठली गेली हे तिथेच कळतं. एप्रिलमध्ये बेअरलाउख, म्हणजे लसणीच्या वासाची रानातली हिरवी पानं. ती बारीक चिरून थालीपिठात घाला. ही पानं जंगलात फुकटही मिळतात, पण अगदी तशाच दिसणाऱ्या दोन विषारी वनस्पती त्याच काळात उगवतात. जाणकार सोबत नसेल तर बाजारातूनच घ्या. मग शतावरी (ॲस्परॅगस), जी २४ जूनला संपते म्हणजे संपते. मग शेतात जाऊन स्वतः तोडायच्या स्ट्रॉबेऱ्या. शरद ऋतूत लाल भोपळे येतात, त्यांचे घारगे होतात. त्याच दिवसांत गावाबाहेरच्या सफरचंदाच्या झाडांना कुठे पिवळी फीत बांधलेली दिसली, तर मालकाने फळं सगळ्यांसाठी मोकळी सोडली आहेत असं समजा. पिशवी काढा.

रविवार

दुकानं बंद असलेला रविवार पहिले काही महिने अंगावर येतो. त्यावर दोन उपाय सांगते, दोन्ही पूर्णपणे स्थानिक आहेत.

सह्याद्रीत हिंडलेल्यांसाठी पहिला उपाय. श्वाबियन आल्ब हा श्टुटगार्टच्या दक्षिणेला पसरलेला चुनखडीचा डोंगर. आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा, हा पांढरा, पण कडा तशीच सरळ तुटलेली आणि वर तशीच सपाटी. होहेननॉयफेनच्या पडक्या किल्ल्यावर उभं राहिलं की राजगडाची आठवण येणारच. बाड उराखचा ३७ मीटरचा धबधबा आगगाडीने जाऊन-येऊन एका दिवसात होतो. एकटं जायचं नसेल तर १८८८ मध्ये स्थापन झालेला श्वाबियन आल्बफेराइन आहे. त्यांच्या गावोगावच्या शाखा रविवारी सहली काढतात आणि पाहुण्यांनाही सोबत घेतात. बहुतेक सभासद निवृत्तीच्या वयाचे असतात. म्हणून नाक मुरडू नका. हळू बोलतात, चुकीचं जर्मन ऐकून घेतात, आणि विश्रांतीला बसल्यावर डबे उघडतात. तुमच्या डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या असल्या तर पुढच्या सहलीला नावाने हाक मारतील.

दुसरा उपाय म्हणजे बेझन. द्राक्ष-उत्पादक वर्षातून जास्तीत जास्त चार महिने आपल्याच घरात किंवा कोठारात लोकांना बसवून स्वतःची वाइन विकतात. चालू आहे हे कळावं म्हणून दाराबाहेर खराटा टांगतात. जागा फार तर चाळीस, त्यामुळे अनोळखी लोकांच्या टेबलावरच बसावं लागतं. 'इस्ट हिअर नोख फ्राय?' (इथे जागा आहे का?) एवढं विचारायचं आणि बसायचं. वाइन पीत नसाल तर द्राक्षाचा रस मागा. शाकाहाऱ्यांना चीजचं श्पेट्झ्लं मिळतं, कांद्याच्या केकमध्ये मात्र मांस आहे का ते विचारून घ्या. जर्मन माणूस अनोळखी लोकांशी बोलत नाही ही समजूत इथे तासाभरात गळून पडते.

आणखी एक रविवार बाड कानश्टाट या श्टुटगार्टच्याच भागासाठी ठेवा. इथले खनिज पाण्याचे झरे युरोपात बुडापेस्टच्या खालोखाल मोठे मानले जातात. कुरसालजवळच्या कारंज्यावर ते पाणी फुकट प्यायला मिळतं. चव लोखंडी, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतंच. शेजारच्याच बागेत गॉटलीब डाइमलरची जुनी कार्यशाळा आहे. १८८०च्या दशकात त्याने आणि विल्हेल्म मायबाखने इथे वेगवान पेट्रोल इंजिन तयार केलं. दारं लावून रात्रंदिवस काहीतरी चाललंय म्हणून माळ्याला खोट्या नाण्यांचा संशय आला आणि पोलीस आले, असं सांगतात. गाड्यांच्या कामासाठी इथे आलेल्या माणसाने ती खोली बघितली नाही तर कसं चालेल?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी

हा काळ खरोखर कठीण असतो, गोड बोलून उपयोग नाही. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि सकाळी आठनंतर उगवतो. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. म्हणून जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं बाहेर चाला, ढग असले तरी चाला. आठवडे उलटले आणि मन उठतच नसेल तर कुटुंबाच्या डॉक्टरकडे जा. त्याला छोट्या आनंदांचं औषध पुरत नाही.

घरी फोन करायची वेळही बदला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि भारताशी साडेचार तासांचा फरक पडतो. संध्याकाळी साडेसहाला फोन लावाल तर तिकडे अकरा वाजलेले, आईबाबा जांभया देत बोलणार. दुपारी साडेबाराला लावा. तिकडे पाच, चहाची वेळ. रोज दहा मिनिटांचा हा फोन रविवारच्या दोन तासांच्या व्हिडिओ कॉलपेक्षा बरा. त्यात बातम्या नसतात, आज कुठली भाजी केली एवढंच असतं.

दिवाळी याच अंधाराच्या तोंडाशी येते. फटाक्यांचा विचार सोडा, ते फक्त वर्षअखेरीला विकतात आणि उडवू देतात. आकाशकंदील मात्र बाल्कनीत लावा आणि लगेच उतरवू नका. ११ नोव्हेंबरच्या आसपास सेंट मार्टिनच्या सणासाठी लहान मुलं कागदी कंदील हातात घेऊन गाणी म्हणत रस्त्यावरून जातात. त्या दिवसांत हस्तकलेच्या दुकानांत काडीला लावलेले छोटे दिवे मिळतात. ते आपल्या कंदिलात छान बसतात. घरात मूल असेल तर त्याच्या हातात घरी केलेला आकाशकंदील द्या आणि मिरवणुकीत पाठवा.

मग नाताळचा बाजार. श्टुटगार्टमध्ये त्याची नोंद १६९२ पासून सापडते, आणि इथे दुकानांची छपरं सजवण्याची चढाओढ असते, तेव्हा मान वर करून हिंडा. दारू नको असेल तर किंडरपुन्श मागा. पेल्यासाठी अनामत घेतात, परत केला की पैसे मिळतात.

माणसं

मराठी मंडळींचा गणपती, कोजागरी, संक्रांतीचं हळदीकुंकू, यांना जाच. पण सगळे शनिवार तिथेच गेले तर शहर तुमचं होणार नाही, आणि मंडळातल्या कुणाशी बिनसलं की अचानक कुणीच उरत नाही. म्हणून एक तरी जागा अशी ठेवा जिथे तुम्ही एकटेच मराठी आहात आणि जिथे दर आठवड्याला ठरलेल्या वेळी जायचं आहे. फोल्क्सहोखशूलंमध्ये, म्हणजे मोठ्यांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्रात, मातीकामापासून समूहगानापर्यंत वर्ग चालतात, रोटेब्युलप्लात्सवर त्यांचं मोठं केंद्र आहे. भाषेच्या वर्गापेक्षा हातांनी काही करायचा वर्ग निवडा, बोलायला विषय समोरच असतो. न आल्यास 'गेल्या मंगळवारी कुठे होतात?' असं विचारणारा एक माणूस मिळेपर्यंत तो वर्ग सोडू नका.

शनिवारी सकाळी कार्ल्सप्लात्सवर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे जुने कप, दिवे, पितळी वस्तू मिळतात. घासाघीस करता येते, हसून करा.

आईबाबा येतील तेव्हा

मे ते सप्टेंबरमध्ये बोलवा. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यांना त्याचंच अप्रूप वाटतं. किल्ले-राजवाडे दाखवायची घाई नको. तुमचा जिना, तुमचा आठवडी बाजार, त्साकेची पुढची सीट एवढ्यावर पहिला आठवडा काढा. चालायला दम असेल तर बिर्केनकॉफला न्या. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या घरांचे ढिगारे १९५३ ते १९५७ मध्ये या टेकडीवर आणून टाकले, त्याने तिची उंची ५११ मीटर झाली. माथ्यावर कोरीव दगडांचे तुकडे अजून तसेच पडलेले आहेत. वडील तिथे बराच वेळ थांबतील, पाण्याची बाटली घेऊन जा.

सामानाची यादी आधीच पाठवा. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणता येत नाहीत, त्यामुळे पेढे, खवा, साजूक तूप बॅगेत नको, विमानतळावर काढून घेतात. भाजणी, मेतकूट, काळा मसाला, कोकम, कुरडया, बाकरवडी आणा म्हणावं. आणि सोलाणं. इथल्या सालकाढणीने आलं सोलायचा मला अजूनही कंटाळा येतो.